अडीच किलोच्या वर नाही

आमच्या विभागप्रमुखांचा सत्कार झाला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. एका सॉल्व्हंट प्लांटला त्यांनी दिलेल्या सल्ल्यामुळे तिथलं उत्पादन वाढलं, म्हणून शाल आणि श्रीफळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ज्या माणसामुळे ते उत्पादन वाढलं होतं, तो त्या वेळी मागच्या इमारतीत, स्टोअरमध्ये, मोडक्या खुर्च्यांवर रंगाने नंबर टाकत बसला होता. आजही तिथेच बसतो. मला याचा संताप येतो. तो नेमका कोणाकोणावर आहे, हे लिहून काढल्याशिवाय मला नीट कळणार नाही असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. उष्णतेच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. त्याआधी पुष्कळ वर्षं खामगावच्या एका तेल गिरणीत बॉयलरवर काढलेली. रोज वडनेर भोलजीहून एसटीने यायचे. शर्टाच्या डाव्या बाहीला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं होती, आणि प्रत्येक शर्टाला ती कशी काय असायची हे कोडं मला कधी सुटलं नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हणाले, तर त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू मागे कोणी उभं आहे.

"सर तिकडं, केबिनमधी बसतेत. अठी मामा."

त्यांच्याबद्दल कॉलेजात सांगितल्या जायच्या त्या गोष्टी बहुतेक हसण्यासाठी. कँटीनमध्ये चहाच्या पातेल्याखाली मोठा जाळ दिसला की ते काउंटरच्या आत हात घालून गॅस बारीक करायचे.

"मामा, चहा माहा हाये," कँटीनवाला ओरडायचा.

"चहा तुहा हाये, पण गॅस देशाचा हाये. उकळी पाह्यजे का धिंगाणा पाह्यजे तुले? पाणी उकळलं की उकळलं. जाळ वाढवून ते जास्त उकळत नाही, फक्त उतू जाते."

मुलं हसायची. मीही हसायचे. त्या वाक्यात दुसऱ्या वर्षाचा अर्धा धडा आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी लोणार तालुक्यातल्या बीबीची. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मुली तीनच. वर्गात हात वर करायला मला भीती वाटायची. मामांसमोर ती अडचण नव्हती, कारण ते प्रश्न विचारूच द्यायचे नाहीत. तेच विचारायचे. माझ्या बॅचचा पहिला प्रयोग होता तेव्हा त्यांनी सगळ्यांना सोडून मलाच विचारलं, "भाकर टाकता येते का वो?"

मला ते फार लागलं. इतकं शिकून इथपर्यंत यायचं आणि इथेही भाकरच. मी खाली मान घालून म्हणाले, "मुलींनाच का विचारता मामा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओळीने सगळ्या मुलांना विचारलं. "तुले येते का बे? तुले? तुले? नाही? मंग खाता काय, जर्नल?" मग पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणून तुले विचारलं. या लाइनीत तूच एक जाणकार दिसून राह्यली. सांग इंजिनेर बाई, तवा बेताचा तापला, त्याच्यावर पाण्याचा शिपका मारला, तं काय होते?"

"छन् करून उडून जातं."

"न तवा लालभडक झाला असन तं?"

मी ते कितीदा पाहिलं होतं. थेंबाची गोळी होते आणि ती तव्यावर इकडून तिकडे पळत राहते. लवकर आटत नाही.

"काऊन? तवा तं जास्त गरम हाये!"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

"थेंबाच्या खाली वाफेची गादी होते. गादीवर बसलेल्या माणसाले खालचा चटका लागते का? पाणी तव्याले टेकतच नाही, मंग त्याले जाळ भेटन कुठून? जाळ जास्त, पण उकळी कमी. तुमच्या पुस्तकात याले आठ मार्क हायेत. हिच्या मायले हे पुस्तक न वाचता माहीत हाये."

सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "हे काय शिकायचं असतं?" पण त्या दिवशी तिने दोनदा मुद्दाम तवा तापवून पाणी शिंपडलं.

आता त्या प्रयोगाबद्दल सांगते, कारण तिथूनच मामांची आणि कॉलेजची तेढ सुरू होते. एका काचेच्या भांड्यात उकळतं पाणी असतं आणि पाण्यात बुडालेली एक बारीक तार. तारेतली वीज थोडी थोडी वाढवत न्यायची. तारेवर आधी एखाददुसरा बुडबुडा, मग बुडबुड्यांची माळ, मग नुसता कल्लोळ. इथपर्यंत उष्णता तारेतून पाण्यात छान जात असते. पण एका टप्प्यावर बुडबुडे इतके होतात की ते एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेची खोळ तयार होते. पाणी तारेपासून सुटतं. मग त्या पाण्यातच तार लाल होते आणि तुटते.

दुसऱ्या कॉलेजांत हा प्रयोग बहुधा करत नाहीत, असं ऐकलं आहे. आमच्याकडेही मामा येण्याआधी करत नसत. मागच्या वर्षीच्या मुलांची फाइल घ्यायची, आकडे थोडे पुढेमागे करायचे, आलेख गुळगुळीत काढायचा. याला आमच्याकडे 'रीडिंग जुळवणं' म्हणतात. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. उत्तर आधीच माहीत असतं, मग आकडे उत्तराला बसतील असे लिहायचे. शिक्षकांना माहीत असतं, मुलांना माहीत असतं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही माहीत असतं.

मामांना ते चालत नसे. प्रत्येकाने आपली तार आपण तोडायची आणि तुटलेला तुकडा फाइलीत चिकटवायचा. तुकडा नसेल तर ती फाइल मामा सहीसाठी पुढे पाठवतच नसत. तारा कमी पडतात म्हणून ते गावातल्या दुरुस्तीच्या दुकानांतून जुन्या शेगड्यांची वेटोळी मागून आणायचे. एका मुलाने प्रयोग न करताच पक्कडीने कापलेली तार चिकटवून आणली. मामांनी ती डोळ्यांजवळ नेऊन टोक पाहिलं.

"वितळून तुटलेल्या तारेच्या टोकाले मण्यावाणी गोळी येते. हे टोक चपटं हाये. काऊन बे, हिनं आपला जीव आपण सोडला नाही, हिचा खून झाला. रीडिंग घेतलं का शिवलं?"

सगळी लॅब हसली. मामा नाही हसले. ते म्हणाले, "पाण्यात बुडालेली तार लाल होते, हे ज्यानं डोळ्यानं पाह्यलं नाही, त्याच्या हाती वाफेचं चाक देऊ नाही. तो जळन, न दुसऱ्यालेही जाळन."

शेवटच्या वर्षाला मला प्रोजेक्ट मिळाला तो खामगावच्या बाहेरच्या एका सॉल्व्हंट प्लांटचा. तिथे सोयाबीनचं तेल काढतात. पेट्रोलच्या जातीचा एक पातळ द्रव सोयाबीनवर सोडतात, तो तेल ओढून घेतो. मग तेल आणि सॉल्व्हंटचं ते मिश्रण एका उंच भांड्यात उकळतात. भांड्यात उभ्या नळ्या, नळ्यांच्या आत मिश्रण, बाहेरून वाफ. सॉल्व्हंट उडून जातो, पुढे थंड होऊन टाकीत परत जमतो, आणि तेल मागे राहतं. प्लांटची तक्रार अशी होती की सॉल्व्हंट पुरेसा उडत नाही. वाफेचा दाब वाढवत चार किलोपर्यंत नेला तरी उलट कमीच होतो आहे. तिथले लोक दाब किलोतच मोजतात. किती वाफ सोडावी याचा अहवाल मालकांनी कॉलेजकडे मागितला. विभागप्रमुखांनी ते काम घेतलं, रीडिंग घ्यायला मला पाठवलं, आणि सोबत मामांना.

मालकांनी मला पाहून मामांना विचारलं, "ही पोरगी घेणार रीडिंग?"

"तिले तवा समजते," मामा म्हणाले. मालकांना काही कळलं नाही. मला मात्र त्या दिवशी ते वाक्य मेडलसारखं वाटलं.

प्लांटमध्ये फोन गेटवरच ठेवायचा. काडेपेटी नाही, लोखंडी हत्यार नाही, कारण एका ठिणगीने सगळं संपेल. म्हणून मामांनी निंबाची एक गुळगुळीत काठी आणली होती. तिचं एक टोक भांड्याला लावायचं, दुसरं कानाला. "काटा दाखवते, कान सांगते," असं त्यांचं म्हणणं. भांड्याच्या वरच्या माळ्यावर शेषराव नावाचे ऑपरेटर होते, चाळिशीचे, कमी बोलणारे. दोन दिवस आम्ही तिघं तिथे होतो. एक किलोपासून सुरुवात करून दर वेळी अर्धा किलो वाढवायचा, तासभर थांबायचं, टाकीच्या काचेच्या नळीत सॉल्व्हंट किती चढला ते लिहायचं. एक, दीड, दोन, अडीच. दर वेळी जास्त. अडीचला मामांनी काठी माझ्या कानाला लावली. आत मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज होता.

"हे सुख हाये," मामा म्हणाले.

तीनला काचेतली पातळी कमी भरली. साडेतीनला आणखी कमी. चारला तर दीड किलोपेक्षाही कमी. मी पुन्हा काठी लावली. तडतड थांबली होती. आत जवळजवळ शांत होतं, आणि मधूनच कोणी बुक्की मारावी तसा धप्प आवाज. त्यातल्या एका धप्प आवाजानंतर वरची सुरक्षा झडप फट्कन उघडून मिटली आणि सगळीकडे सॉल्व्हंटचा वास आला. शेषराव वाफेच्या चाकाकडे धावले.

"एकदम बंद करू नको! हळू. हळू उतरव," मामांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते दोघं मिळून चाक फिरवत राहिले, पाव पाव फेरा. वास गेल्यावर मामा खाली बसले आणि मला म्हणाले, "समजलं का? नळीले वाफेची गादी झाली, म्हणून उकळी कमी. न मधातच गादी फाटली की अडकलेली उकळी एकदमच सुटते. पुढचं थंड करणारं भांडं तेवढी पेलत नाही. मंग ते बाहेर येते. अडीच किलोच्या वर नाही. लिहून घे."

मी कच्च्या वहीत सात आकडे लिहिले होते. आलेखावर सात ठिपके टाकले. चार वर चढणारे, तीन खाली उतरणारे. तो आलेख घेऊन मी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले.

"ही शेवटची तीन रीडिंग चुकली आहेत," सर म्हणाले.

"सर, तिथे सुरक्षा झडप..."

"प्लांटमध्ये काहीतरी हललं असेल. तापमानातला फरक वाढला की उष्णता जास्त जाणारच. सूत्र आहे ना? ते तीन काढ, रेषा सरळ पाचपर्यंत ने. अहवाल स्वच्छ दिसला पाहिजे. आणि लॅब असिस्टंटचं नाव यात कशाला?"

पाण्याची उकळी आधी वाढते आणि मग पडते, हा वक्र तेच सर दरवर्षी फळ्यावर काढतात. शिखराच्या जागी खडूने गोल करून 'महत्त्वाचं' असं लिहितात. मला हे त्यांना म्हणता आलं असतं. मी म्हणाले नाही. अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते हे खरं, पण नुसती भीती होती असंही नाही. मला मनापासून वाटलं की सर म्हणतात म्हणजे माझंच चुकलं असेल. बाकीच्या प्रयोगशाळांत तीन वर्षं आकडे जुळवायची सवय होतीच. मी संगणकावर तीन ओळी निवडल्या आणि खोडल्या. रेषा आपोआप सरळ झाली, पाच किलोपर्यंत वर जाणारी. एका मिनिटाचंही काम नव्हतं.

प्लांटवर तो अहवाल गेला आणि भांड्याशेजारी पाटी लागली: वाफेचा दाब चार ते पाच किलो.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी रजा टाकली. कोणाशी भांडले नाहीत. सकाळी प्लांटवर गेले, वरच्या माळ्यावर चाकाशेजारी एक उपडा डबा टाकला आणि त्यावर बसले. तीन दिवस. जेवणाचा डबा सोबत. मालक खालून ओरडले, "काय धरणं धरलं का?"

"नाही मालक. पाय दुखून राह्यले म्हणून बसलो."

"वाफ वाढवायची आहे."

"वाढवा ना. चाक माह्या मांडीच्या मागं हाये. मले उचला न वाढवा."

कोणी उचललं नाही. चौथ्या दिवशी प्लांटमधून कॉलेजला फोन आला, आणि मामांना केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं. टेबलावर माझा आलेख होता.

"तुम्ही म्हणता अहवाल चूक आहे," सर म्हणाले. "ज्या विद्यार्थिनीने रीडिंग घेतली ती इथे आहे. हा आलेख तुझाच ना?"

मी मामांकडे पाहिलं. सातही रीडिंग घेताना ते माझ्या शेजारी होते. ते एका वाक्यात मला उघडं पाडू शकले असते.

"हो सर," मी म्हणाले. "माझाच."

"झालं तर मग. तुम्हाला काही बोलायचं आहे?"

मामांनी आलेख हातात घेतला, लांब धरून पाहिला. "नाही. पोरीचं काम साफ हाये. लाइन लय सरळ आली."

त्यांना स्टोअरला पाठवलं. प्रयोगशाळेला नवीन सहायक आला, आणि महिन्याभरात फाइलींतल्या तारा बंद झाल्या. नवा सहायक चांगला मुलगा आहे, कोणाला त्रास देत नाही. मुलं खूश आहेत. ते काचेचं भांडं आता कपाटात आहे.

आणि मग ती बातमी आली. प्लांटचं काम सुधारलं, सॉल्व्हंट पहिल्यापेक्षा बराच जास्त परत मिळू लागला. मी चक्रावले. मला वाटलं, म्हणजे सरांचंच बरोबर होतं. सत्कारात टाळ्या वाजवल्या त्या यामुळेच, मनातून थोडं सुटल्यासारखं होऊन. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

प्रोजेक्ट पूर्ण झाल्याच्या पत्रावर शिक्का घ्यायला मी पुन्हा प्लांटवर गेले. मालक अजून यायचे होते म्हणून वर शेषरावांना भेटायला चढले. भांड्यावरचा काटा पाहिला आणि तिथेच उभी राहिले. काटा अडीचवर होता.

"पाटीवर तर चार ते पाच आहे," मी म्हणाले.

"पाटी पाटीच्या जागी," शेषराव म्हणाले. "खाली बॉयलरवरचा काटा पाचच दाखवते. मालक तोच पायतेत, वर चढत नाहीत, गुडघे दुखतेत त्यांचे. मी अठी चाक अर्धं आवळून ठेवलं. मामा तीन दिवस बसले तं नुसते बसले काय? कान लावाले शिकवलं मले. त्या दिवसापासून हे असंच हाये. म्हणून तं माल निघून राह्यला."

"मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"कोणाले सांगू? तुमच्या सायबानं कागद देला. मी सातवी शिकलो." त्यांनी चाकावर हात ठेवला. "पण बाई, सोमवारपासून पंधरा दिवस मी नाही. पोरीचं बाळंतपण हाये नाशिकले. बदलीवाला येऊन राह्यला. मी त्याले सांगीन, पण तो नवा. तो पाटी वाचणार, न चाक पूर्ण खोलणार. मले तेच भेव वाटते."

त्या धप्प आवाजाच्या वेळी तिथे मामा होते, हळू उतरव म्हणणारे. बदलीच्या माणसाजवळ कोण असणार होतं? माझी सरळ रेषा.

मी आधी सरांकडे गेले, कारण काहीही झालं तरी आधी सरांकडे जायचं एवढंच मला माहीत होतं. "सर, ती तीन रीडिंग अहवालात परत टाकावी लागतील," इतकं मी कसंबसं बोलले. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "तो विषय संपला आहे. तुझी तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात ना? अभ्यास कर."

मग स्टोअरमध्ये गेले. मामा एका बाकाच्या पायावर नंबर टाकत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आलेखातून तीन ठिपके मीच काढले, केबिनमध्ये खोटं बोलले, तुमची जागा माझ्यामुळे गेली. मला रडू येत होतं. मला वाटत होतं ते रागावतील, निदान काहीतरी बोलतील.

"हे तू मले काऊन सांगून राह्यली?" मामा म्हणाले. "मी उकळून राह्यलो का? जे उकळून राह्यलं तठी जाय."

आणि पुन्हा ब्रश रंगात बुडवला.

मी प्लांटवर पोचले तेव्हा मालक ऑफिसात होते. मी कच्ची वही त्यांच्यापुढे उघडली आणि सातही आकडे वाचून दाखवले.

"म्हणजे पहिला कागद खोटा?"

"हो."

"सर म्हणाले होते ते?"

"सर काय म्हणाले ते सरांना विचारा. रीडिंग मी घेतली होती. त्यातली तीन मी खोडली."

"पण वाफ पाचवर आहे आणि माल जास्त निघतो आहे! माझ्या डोळ्यांसमोर आहे." त्यांनी खिडकीतून बॉयलरच्या काट्याकडे बोट दाखवलं.

आता शेषरावांचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण शेषराव दारातच उभे होते. ते म्हणाले, "मालक, वर चला. एक डाव चला."

मालक एकेक पायरी थांबत चढले. बदलीचा ऑपरेटर वर आधीच आलेला होता, काम समजून घ्यायला. मालकांनी अडीचवरचा काटा पाहिला आणि त्यांचा चेहरा तापला. "शेषराव, हे कधीपासून?"

"मामा उठून गेले तेव्हापासून."

"पूर्ण खोल. आत्ता. माझ्यासमोर."

शेषरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि चाक हळूहळू सोडलं. तीन. साडेतीन. चारवर त्यांनी हात थांबवला. आम्ही चौघं काचेच्या नळीकडे पाहत उभे राहिलो. मिनिटं गेली. नळीतली पातळी जी भरभर चढत होती ती रेंगाळायला लागली. मग भांड्याच्या आत तो धप्प झाला. मालकांनी कठडा घट्ट धरला.

"उतरव," ते हळूच म्हणाले. शेषरावांनी पाव पाव फेऱ्याने उतरवलं. अडीचला आतून तडतड परत सुरू झाली. या वेळी ती काठी न लावताच ऐकू आल्यासारखी वाटली.

मालक बराच वेळ कपाळ पुसत होते. मग म्हणाले, "नवीन पाटी लिही. पण खाली सही पाहिजे. सरांची आणून देशील?"

मामांचं नाव लिहावं असं फार वाटलं. पण उद्या काही विचारणा झाली तर ती पुन्हा त्यांच्याच अंगावर गेली असती, आणि त्या पाटीवर जे चुकीचं होतं ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. मी जुनी पाटी काढली, तिची मागची कोरी बाजू वर केली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. वाफेचा दाब अडीच किलो. त्याच्या वर नाही. वर नेला तर उत्पादन कमी होतं आणि धोका वाढतो. खाली सातही आकडे. त्याखाली, यातली शेवटची तीन रीडिंग पूर्वीच्या अहवालातून वगळली होती. आणि मग माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

बदलीचा ऑपरेटर पुढे आला. त्याने पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, सहीवर बोट ठेवलं आणि शेषरावांना विचारलं, "हे कोणते सर हायेत?"

शेषराव माझ्याकडे वळले.

"सर नाही," मी म्हणाले. "मी."